झटपट बीन्स आतून अळणी आणि वरचा पाला काळा: दोष नेमका कुठे शोधावा

शिजवलेले किंवा डबाबंद बीन्स, म्हणजे राजम्यासारखे कडधान्याचे दाणे, घ्यायचे, तेलात लसूण परतायचा, त्यात बीन्स आणि थोडे पाणी घालून उकळी काढायची आणि शेवटी मूठभर ताजी सुगंधी पाने चिरून घालायची, एवढाच ज्याचा विस्तार आहे असा हा पदार्थ २० मिनिटांत होतो आणि तरीही पुन्हा पुन्हा बिघडतो. बिघाडाचे स्वरूपही जवळजवळ ठरलेले असते. रस चवदार लागतो, पण दाणा चावला की तो आतून अळणी निघतो. दाणे तळाशी आणि पाणी वर असे दोन परके पदार्थ एका भांड्यात नांदतात. आणि पानाला बसेपर्यंत कोथिंबीर किंवा बेसिल शेवाळी, मलूल होऊन तिचा वास नाहीसा झालेला असतो. अशा वेळी बहुतेक जण मीठ, तिखट किंवा लिंबू वाढवून वेळ मारून नेतात. त्या दिवसापुरता दोष झाकला जातो, आणि पुढच्या वेळी तोच दोष पुन्हा समोर येतो.

माझ्याकडे हा पदार्थ कित्येक वर्षे आठवड्यातून एकदा तरी होतो, आणि सुरुवातीच्या काळात मी बिघाडाचे खापर कधी बीन्सवर, कधी डब्यावर तर कधी शिळ्या पानांवर फोडत असे. ही तिन्ही कारणे अगदीच खोटी होती असे नाही, पण खरी गफलत क्रमाची होती. बीन्सचा दाणा मिठाची चव सावकाश घेतो, आणि कोवळे पान आपला वास झपाट्याने सोडते. झटपट कृतीत या दोघांना एकाच वेळी एकाच भांड्यात ढकलले जाते, त्यामुळे दाण्याला हवा तेवढा वेळ मिळत नाही आणि पानाला नको तेवढा मिळतो. खालची जवळपास सगळी तपासणी या एका तफावतीभोवती फिरते.

आधी दाणा आणि रस वेगवेगळे चाखावेत

दाणे आणि रस एकाच चमच्यातून चाखले, तर जिभेला आधी रस लागतो आणि रसाची चव दाण्याची उणीव झाकून टाकते. म्हणून दोष शोधताना दोन्ही वेगळे करणे भाग आहे. आच बंद करण्याच्या सुमारे पाच मिनिटे आधी चार-पाच दाणे झाऱ्याने बशीत काढावेत, स्वच्छ कापडावर हलक्या हाताने घोळवून कोरडे करावेत आणि कोमट झाल्यावर एक दाणा जीभ व टाळू यांच्यामध्ये दाबावा. दात न लावता तो लोण्यासारखा पसरला, तर तो शिजला आहे. साल सुटून कागदाच्या कपट्यासारखी तोंडात फिरू लागली, तर भिजवण्यात कमतरता राहिली आहे. मध्यभागी खडूची भुकटी जाणवली, तर शिजवण्यात. दुसरा दाणा नखाने मधोमध दुभागून पाहिला, तर हेच डोळ्यांनाही दिसते, कारण नीट शिजलेल्या दाण्याचा गर कडेपासून मध्यापर्यंत एकसारख्या रंगाचा असतो आणि कच्चट दाण्यात मधोमध पांढुरका, कोरडा ठिपका उरलेला असतो. एकाच दाण्यावरून निकाल देऊ नये, कारण एकाच पिशवीतील दाणेही कमी-अधिक वेळात शिजतात.

त्यानंतर नुसता रस चाखावा, आणि तोही थोडा निवल्यावर, कारण अगदी कढत पदार्थात मिठाचा अंदाज नीट येत नाही. आता चार शक्यता उरतात. दाणा मऊ पण अळणी आणि रस बरोबर, हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. दाणा कडक किंवा चिवट असेल, तर चवीचा विचार सोडून आधी शिजण्याकडे वळावे लागते. दाणा आणि रस दोन्ही चांगले, पण एकत्र खाताना बेसूर वाटत असतील, तर रस मिळून आलेला नाही. आणि हे सगळे ठीक असूनही पदार्थ निर्जीव वाटत असेल, तर दोष पानांकडे किंवा आंबटपणाकडे आहे.

दाणा मऊ, पण आतून अळणी

कडधान्य शिजताना मीठ घातले की दाणे शिजत नाहीत, हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की अनेक घरांत मीठ अगदी शेवटी पडते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. दाण्याच्या सालीतील पेशी पेक्टिन या द्रव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम हे घटक त्या पेक्टिनला घट्ट करतात. भिजवण्याच्या पाण्यात मीठ असले, तर मिठातील सोडियम त्यांपैकी काहींची जागा घेते, साल मवाळ होते आणि शिजताना दाणा फुटण्याचे प्रमाणही घटते. १ लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दाणे ८ ते १२ तास भिजवावेत, ते पाणी ओतून द्यावे, दाणे धुऊन घ्यावेत आणि ताज्या पाण्यात, चवीपुरते थोडे मीठ घालून शिजवावेत. अशा दाण्याची चव आतपर्यंत सारखी असते आणि नंतरच्या २० मिनिटांच्या कृतीवर फारसा भार पडत नाही.

डबाबंद बीन्सच्या बाबतीत भिजवणे आपल्या हातात नसते, आणि तिथेच झटपट कृतीची फसगत होते. डब्यातले दाणे पूर्ण शिजलेले असल्यामुळे ते फक्त गरम करायचे आहेत असे वाटते, आणि दोन-तीन उकळ्यांत पदार्थ उतरवला जातो. मीठ तोपर्यंत दाण्याच्या पृष्ठभागापलीकडे पोहोचलेले नसते, आणि लसणीचा स्वाद तर रसातच राहिलेला असतो. उपाय साधा आहे: लसूण, मीठ आणि तेल यांचा रस आधी तयार करून चवीला किंचित चढा ठेवावा, दाणे त्यात घालून मंद आचेवर १० ते १२ मिनिटे रटरटू द्यावेत आणि आच बंद केल्यावर आणखी ५ ते १० मिनिटे तसेच मुरू द्यावेत. मुरण्याचा हा वेळ कृतीच्या वेळेत धरला जात नाही, म्हणून तो कापला जातो. माझ्या मते या पदार्थातील सर्वांत मोलाची मिनिटे तीच आहेत.

डब्यातील द्रव ठेवावा की टाकावा, याला एकच उत्तर नाही. साधारण ४०० ग्रॅमच्या डब्यातून निथळल्यावर सुमारे २४० ग्रॅम दाणे हाती येतात, म्हणजे डब्याचा बराच भाग द्रवच असतो, आणि त्यात दाण्यांतून उतरलेला स्टार्च व प्रथिने असल्यामुळे रस दाट व्हायला त्याची मदत होते. मात्र त्यात मीठही भरपूर असते. दाणे निथळून धुतल्यास मिठातील सोडियम सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. मी द्रव आधी चाखतो: चव स्वच्छ असेल, तर अर्धा वापरतो आणि वेगळे मीठ अगदी हात राखून घालतो, त्याला डब्याचा, धातूसारखा वास येत असेल, तर सगळा ओतून देतो. तयार पदार्थाच्या वजनाच्या सुमारे १ टक्का मीठ बहुतेकांच्या तोंडाला बरोबर लागते, म्हणजे दाणे व रस मिळून ६०० ग्रॅम होत असतील, तर एकूण ६ ग्रॅम, साधारण एक सपाट चहाचा चमचा बारीक मीठ. डब्यातून आलेले मीठ याच हिशेबात धरावे.

दाणा कडक, चिवट किंवा मध्ये खडूसारखा

घरी शिजवलेल्या दाण्यांची ही तक्रार असेल, तर पहिला संशय दाण्यांच्या वयावर घ्यावा. उष्ण आणि दमट जागी दीर्घ काळ साठवलेल्या दाण्यांत असे बदल होतात की नंतर कितीही उकळले तरी ते पुरते मऊ होत नाहीत. सुरकुतलेले, फुटक्या सालीचे, निस्तेज दाणे भिजवूनही फुगत नसतील, तर त्यांच्यावर इंधन जाळण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण पाणी. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतात, आणि ते पेक्टिनला आणखी घट्ट करतात. अशा ठिकाणी शिजवण्याच्या पाण्यात १ लिटरला पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा घातल्यास दाणे लवकर मऊ होतात. मात्र हात सैल सुटला, तर साबणासारखी चव येते, साली गळून पडतात आणि दाण्यातील बी-१ जीवनसत्त्वाचाही नाश होतो. साधे पाणी चालत असेल, तर सोड्याच्या वाटेला जाऊच नये.

तिसरे कारण आंबटपणा, आणि झटपट कृतीत सर्वाधिक नुकसान यानेच होते. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांतील आम्लामुळे पेक्टिन विरघळण्याची गती मंदावते, त्यामुळे दाणा त्या क्षणी जेवढा शिजला असेल, जवळपास तिथेच अडकतो. अर्धवट शिजलेले दाणे टोमॅटोच्या रसात घालून पुढचे तिथेच शिजतील अशी अपेक्षा ठेवली, की तासाभरानेही ते तसेच राहतात. टोमॅटो घालायचाच असेल, तर तो दाणा टाळूवर सहज पसरू लागल्यानंतरच घालावा. याच गुणाचा उपयोगही करून घेता येतो: मऊ झालेले दाणे अधिक उकळून गिच्च होऊ लागले असतील, तर थोडा टोमॅटो त्यांना तिथेच सावरून धरतो.

उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते, दर ३०० मीटरला साधारण १ अंश सेल्सियसने, आणि तिथे उघड्या भांड्यात दाणे शिजायला बराच अधिक वेळ लागतो. प्रेशर कुकर हा त्यावरचा सरळ उपाय आहे. फक्त शिट्ट्यांची मोजदाद हे वेळेचे माप नव्हे, कारण आच आणि पाण्याचे प्रमाण बदलले की शिट्टीचे अंतर बदलते. पूर्ण दाब आल्यापासून घड्याळ लावणे केव्हाही भरवशाचे.

इथे लाल राजम्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण झटपट करण्याच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष होते. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन (एक प्रकारचे प्रथिन) असते, लाल राजम्यात ते सर्वाधिक असते, आणि अवघे चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या व जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा निदान ५ तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात दाणे प्रथम खळखळ उकळावेत. १० मिनिटे ही त्याची किमान मर्यादा आहे, आणि अधिक सावध शिफारस ३० मिनिटांची आहे. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणारी विजेची भांडी या कामी वापरू नयेत, कारण सुमारे ८० अंशांखाली तापलेल्या दाण्यांत हा विषारी परिणाम कच्च्या दाण्यांपेक्षाही वाढलेला आढळतो. वर सांगितलेली टाळूवर दाबून पाहण्याची चाचणी राजम्यावर या उकळीनंतरच करावी. डबाबंद राजमा डब्यातच पूर्ण शिजलेला असल्यामुळे त्याबाबत ही भीती नाही.

रस आणि दाणे मिळून येत नाहीत

याचा उपाय दोन मिनिटांचा आहे. एकूण दाण्यांपैकी साधारण चौथा भाग डावाच्या पाठीने भांड्याच्या कडेला दाबून घोटावा, तो रसात मिसळावा आणि दोन चमचे तेल घालून भांडे जोराने हलवावे. दाण्यातील स्टार्च आणि प्रथिने पाणी व तेल यांना एकत्र धरतात आणि रसाला सायीसारखा दाटपणा येतो. पीठ लावण्याची गरज पडत नाही, आणि पीठ लावलेला रस पानांचा वास दाबून टाकतो असे मला वाटते. रस हवा त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच आच बंद करावी, कारण निवताना स्टार्च आळतो आणि जो रस भांड्यात पळीवाढा होता, तो ताटात गोळा होऊन बसतो.

पाने: हिरवेपणा जातो, वास उडतो, कडवटपणा उरतो

सुगंधी पाने हा एकच वर्ग मानणे ही इथली मूळ चूक आहे. थाइम, रोझमेरी, सेज, ओरेगॅनो आणि तमालपत्र ही चिवट पाने असून त्यांचा सुगंध उष्णतेला बऱ्यापैकी टिकतो, किंबहुना तो तेलात उतरायला थोडा वेळच लागतो. कोथिंबीर, पुदिना, पार्सली, बेसिल आणि शेपू ही कोवळी पाने, आणि त्यांचा सुगंध अतिशय उडून जाणाऱ्या द्रव्यांचा बनलेला असतो. पहिल्या वर्गातील पाने शेवटी घातली, तर ती काडीसारखी कचकचतात आणि वास देतच नाहीत. दुसऱ्या वर्गातील सुरुवातीला घातली, तर शिजलेल्या भाजीपलीकडे त्यांचे काही उरत नाही. रोझमेरीची बोटभर लांबीची एक डहाळी तेलात लसणीबरोबर सोडून, वाढण्यापूर्वी अख्खी काढून घेणे पुरेसे असते. तिची पाने मोकळी करून घातली, की पदार्थाला औषधी वास येऊ लागतो.

कोवळ्या पानांबाबत वेळेचा फरक किती पडतो, हे एकदा घरीच पडताळून पाहावे. मी पांढऱ्या रंगाच्या तीन वाट्या घेतल्या आणि एकाच भांड्यातील बीन्स प्रत्येकीत दोन पळ्या वाढले. पहिल्या वाटीतील कोथिंबीर रसात दहा मिनिटे रटरटली होती, दुसरीतली आच बंद होताक्षणी, खदखदत्या रसात पडली होती आणि तिसरीतली पाच मिनिटे थांबून, रस वाफाळत असला तरी बुडबुडे थांबल्यावर. पहिल्या वाटीत रंग जुन्या शेवाळासारखा आणि वास उकडलेल्या गवताचा होता. दुसरीत रंग टवटवीत राहिला, पण कोथिंबिरीचा दरवळ घातल्याबरोबर सगळ्या स्वयंपाकघरात पसरला आणि तोंडात घास घेतल्यावर तो जेमतेम जाणवला. तिसरीत खोलीत काहीच वास नव्हता. तो घासात होता. दरवळ सुटला म्हणजे पदार्थ जमला असे मानण्याची आपल्याला सवय असते, पण जो वास खोलीत आहे तो भांड्यातून गेलेला असतो. पुढे गंमत म्हणून दुसऱ्या वाटीत अर्धे लिंबू पिळले आणि वर ताटली झाकली. दहा मिनिटांनी तिची कोथिंबीर पहिल्या वाटीतल्या कोथिंबिरीशी रंगाने जवळपास जुळली होती.

त्यामागचे कारण ठाऊक असले, की क्रम लक्षात ठेवावा लागत नाही. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. उष्णतेमुळे पानाच्या पेशी फुटतात, त्यांतील आम्ल मोकळे होते आणि आम्लातील हायड्रोजन त्या मॅग्नेशियमला हुसकावून लावतो. उरलेले द्रव्य शेवाळी तपकिरी रंगाचे असते. बाहेरून लिंबू किंवा टोमॅटो आला, तर हीच क्रिया वेगाने होते, आणि झाकण ठेवले तर जे आम्ल वाफेबरोबर निघून गेले असते तेही आत कोंडले जाते. म्हणून लिंबू भांड्यात पिळण्याऐवजी वाढताना वाटीत पिळावे आणि पाने घातल्यावर झाकण ठेवू नये. भांडे ताटापर्यंत झाकून नेण्याची सवय मोडायला मला सर्वांत जास्त काळ लागला.

पाने आचेवर जाण्यापूर्वीच काळी पडत असतील, तर दोष सुरीत किंवा साठवणीत आहे. पान कापले वा चुरगळले, की पेशींतील विकरे (एन्झाइम) हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने पानातील फिनॉल वर्गाची द्रव्ये काळवंडवतात, आणि बेसिल व पुदिना यांत हे डोळ्यांदेखत होते. बोथट सुरी पान कापत नाही, चेचते. चिरण्याच्या पाट्यावर हिरवे डाग उमटले असतील, तर जो रस पदार्थात जायला हवा होता तो पाट्यावर राहिला असे समजावे. धारदार सुरीने, एकाच दिशेने, एकदाच चिरावे. जुडीवर सुरी पुन्हा पुन्हा नाचवू नये. चिरण्यापूर्वी पाने पूर्ण कोरडी करावीत, कारण ओली पाने गोळा होऊन चिकटतात आणि पाण्यासह पडल्यामुळे रसही पाणचट करतात. चिरल्यावर काही मिनिटे थांबावे लागणार असेल, तर त्यांवर चमचाभर तेल चोळून ठेवावे. तेलाचा पातळ थर हवेला अडवतो, आणि पानांतील सुगंधी द्रव्ये तेलात विरघळणारी असल्यामुळे ती तेलाबरोबरच पदार्थात उतरतात.

साठवणीचा नियम सर्व पानांना एकच नाही. कोथिंबीर आणि पार्सली यांचे देठ पेलाभर पाण्यात बुडवून, वरून सैल पिशवी घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास ती चांगली टिकतात. बेसिल मात्र सुमारे १० अंशांखालच्या थंडीत काळे पडते, त्यामुळे ते पाण्यात पण फ्रिजबाहेरच ठेवावे. फ्रिजमधून काढलेले काळे बेसिल शिळे समजून विक्रेत्याला दोष दिला जातो. पुष्कळदा ते आदल्या संध्याकाळपर्यंत उत्तम असते.

देठांबद्दल थोडे सांगायला हवे. कोथिंबीर आणि पार्सली यांच्या कोवळ्या देठांत पानांइतकाच, कधी त्याहून अधिक, स्वाद असतो आणि ते थोडा वेळ शिजणे सहन करतात. देठ बारीक चिरून दाण्यांबरोबर रसात आणि पाने शेवटी, अशी विभागणी केली, तर एकाच जुडीतून खालचा स्वाद आणि वरचा ताजेपणा असे दोन्ही मिळतात. पुदिन्याचे देठ चिवट असतात, ते टाकावेत. प्रमाणातही कंजुषी नको: ५०० ग्रॅम शिजलेल्या दाण्यांना चिमूटभर पाने शोभेपुरती होतात, चवीसाठी एक भरगच्च मूठ लागते. वाळवलेला पाला वापरायचा झाल्यास ताज्याच्या एक तृतीयांश घ्यावा आणि तो सुरुवातीला तेलात घालावा. पण वाळवलेली कोथिंबीर किंवा पार्सली घालण्यापेक्षा काही न घातलेले बरे.

कडवटपणाचा आळ पानांवर येतो, तेव्हा आधी लसूण पाहावा. पातळ काप केलेला लसूण मध्यम आचेवर एका मिनिटाच्या आत फिकट सोनेरी होतो आणि पुढच्या काही सेकंदांत करपतो. करपलेल्या लसणीचा कडवटपणा कुठल्याही मिठाने किंवा लिंबाने जात नाही. तेल आणि लसूण दोन्ही थंड भांड्यात एकत्र ठेवून मग आच लावली, तर हा धोका बराच टळतो. काही मोजक्या लोकांना मात्र ताजी कोथिंबीरच साबणासारखी लागते. तिच्या सुगंधातील अल्डिहाइड द्रव्यांविषयीची ही संवेदना काही अंशी आनुवंशिक असते, तिथे कृतीत सुधारणा करून काही साधत नाही, पाला बदलावा.

दुरुस्त केलेला क्रम

एवढ्या तपासण्यांनंतर माझ्या हातात बसलेला क्रम असा आहे. रुंद भांड्यात ३ मोठे चमचे तेल, चार पाकळ्या लसणीचे काप आणि असल्यास थाइमची डहाळी घालून मध्यम आच लावावी. लसूण कडेने सोनेरी होऊ लागला, की चिरलेले देठ घालून अर्धे मिनिट परतावे आणि लगेच २०० मिलीलिटर पाणी किंवा बीन्सचा द्रव ओतावा, म्हणजे लसूण पुढे करपत नाही. मीठ घालून हा रस चाखावा. तो एकटा खाताना किंचित जास्त खारा वाटला पाहिजे. मग ५०० ग्रॅम निथळलेले दाणे घालून मंद आचेवर १० ते १२ मिनिटे, झाकण अर्धे तिरके ठेवून, रटरटू द्यावे. त्यांतील चौथा भाग घोटावा, पुसलेल्या दाण्याची चाचणी करावी, गरज असेल तरच मीठ किंवा पाणी वाढवावे आणि आच बंद करावी. पाने आत्ता, दाणे मुरत असताना, चिरायला घ्यावीत. ती चिरून होईपर्यंत रसाचे बुडबुडे थांबलेले असतात आणि वेळ वेगळा मोजावा लागत नाही. पाने आणि चमचाभर कच्चे तेल घालून दोन-तीनदाच उलथावे, उघडेच टेबलावर न्यावे आणि लिंबाच्या फोडी बाजूला द्याव्यात.

एवढे करूनही पदार्थ निर्जीव वाटला, तर मिठाचा डबा उघडण्यापूर्वी चमचाभर रसात लिंबाचे दोन थेंब टाकून पाहावेत. त्या चमच्यात चव उठून आली, तर कमतरता आंबटपणाची होती. नाही आली, तर दुसऱ्या चमच्यात मिठाचा एक कण घालून तीच परीक्षा करावी. संपूर्ण भांडे पणाला लावण्यापेक्षा दोन चमचे खर्ची पडलेले परवडतात.

उरणार हे आधीच दिसत असेल, तर उद्याचा भाग पाने घालण्यापूर्वीच वेगळा काढावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. दुसऱ्या दिवशी तो घट्ट गोळा झालेला दिसेल आणि दाण्यांत मीठ आदल्या दिवसापेक्षा अधिक मुरलेले असेल, म्हणून गरम करताना फक्त पाणी घालावे, मीठ घालू नये, आणि ताजी पाने नव्याने चिरावीत.